पुण्याच्या पेठांत एक दिवस : कोण चाललं, कोण बसलं
(आमच्या समुदाय रेडिओवर झालेलं भाषण)



बचत गटातल्या आपल्यापैकी बऱ्याच जणी वर्षातून एक-दोनदा पुण्याला माल आणायला जातात. कुणाला मसाल्यासाठी पिशव्या हव्या असतात, कुणाला शिवणाचं सामान, कुणाला राख्यांचे मणी आणि रेशीम. पहाटेची एस.टी. धरायची, रविवार पेठेत धावतपळत खरेदी करायची, दुपारी कुठल्या तरी पायरीच्या कडेला भाकरी सोडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. कुणी म्हणालं, "चला गं, हॉटेलात बसून चहा घेऊ," की लगेच दुसरी म्हणते, "कशाला? आपल्याला काय तिथं?"

आजचं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे. "आपल्याला काय तिथं" हे वाक्य आपल्या तोंडात आलं कुठून? आपण लाजाळू आहोत म्हणून आलं का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यामागे फार जुना इतिहास आहे. तो पुस्तकात शोधायचा तर वेळ लागेल. पण पुण्याच्या जुन्या पेठांत एक दिवस पायी फिरलं, दुकानं बघितली, दोन ठिकाणी चहाला बसलं, तर तो रस्त्यातच सापडत जातो. तर चला आमच्याबरोबर.

कसब्यापासून सुरुवात

फिरायची सुरुवात कसबा पेठेतून करू, कारण ही पुण्यातली सगळ्यात जुनी वस्ती. 1630 च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं उद्ध्वस्त केलं. घरं जाळली, गाव ओस पडलं. त्या ओसाड गावात जिजाबाई लहान शिवबाला घेऊन आल्या. सोन्याचा फाळ लावून त्यांनी पुण्याची जमीन नांगरून घेतली, असं परंपरा सांगते. कसबा गणपतीचं देऊळही त्यांनीच उभारलं, असं मानतात. म्हणजे बघा, आज ज्या शहरात आपण बिचकत पाऊल टाकतो, ते शहर उजाड झाल्यावर पुन्हा वसवण्यात एका बाईचा हात होता.

कसब्यात तांबट आळी आहे. आजही तिथे हातोडीचा आवाज ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर एकेक ठोका मारून बारीक खड्ड्यांची नक्षी उठवायची, त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेसाठी नसतं, ठोक्यांनी पत्रा कणखर होतो. बंब, घंगाळ, हंडे, पातेली इथंच घडत. आपल्या आज्यांच्या घरातला तांब्याचा हंडा कदाचित अशाच एखाद्या आळीतून आला असेल. स्टील आणि प्लास्टिक आलं तशी मागणी घटली, पण काही घरं अजून हे काम करतात. जवळच कुंभारवाडा आहे. दिवाळीत पणत्या घ्यायला येणाऱ्यांची तिथं गर्दी असते.

पेशव्यांच्या काळात या जुन्या कसब्याभोवती पेठा वाढत गेल्या. पहिल्या बाजीरावानं 1730 मध्ये शनिवारवाड्याचं काम सुरू केलं, 1732 मध्ये वास्तुशांत झाली, आणि पुणं राजधानीसारखं झालं. नवी पेठ बसवायची तर शेटे आणि महाजन नेमत. व्यापारी, कारागीर, उदमी बोलावून आणायचं काम त्यांचं. येणाऱ्यांना सुरुवातीची काही वर्षं कर माफ करत. पेठांना वारांची नावं दिली. आज जिथं आपण माल घेतो, त्या रविवार पेठेचं आधीचं नाव मलकापूर होतं. सोमवार पेठेला शहापूर म्हणत.

बाजारानं देवांनाही नावं दिली, ती ऐकून हसू येईल. सराफांच्या दुकानांजवळचा तो सोन्या मारुती. जिथं पासोड्या विकत, तो पासोड्या विठोबा. जिलबीवाल्याजवळचा जिलब्या मारुती. आणि शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात, जिथं भाजी-बटाट्यांचा बाजार भरे, तिथला बटाट्या मारुती. मोठमोठी नावं ठेवणारे राजेरजवाडे होऊन गेले, पण लोकांच्या तोंडी राहिली ती बटाट्याची आणि जिलबीची नावं.

या रस्त्यावरून कोण चालत होतं?

आता थोडं थांबून विचारू. त्या काळी या बाजारात बायका होत्या का?

होत्या. भरपूर होत्या. डोक्यावर पाटी घेऊन येणारी माळीण, ताक-दूध विकणारी गवळण, मोळी विकणारी, मासळी विकणारी. बोहारीण तर दारोदार फिरून जुन्या लुगड्यांवर भांडी देई. कष्टकरी बाईला बाजार कधीच बंद नव्हता, कारण तिच्या कष्टाशिवाय बाजार चालतच नव्हता. बंद होता तो वाड्यातल्या बायकांना. त्यांच्यासाठी बाजार दारात येई. बांगड्या भरायला कासार घरी येई, कापडाचे गठ्ठे ओसरीवर उलगडले जात. घराण्याची बाई रस्त्यात दिसू नये, हाच तिचा मोठेपणा समजला जाई.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जड असली तरी. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. कुणबीण म्हणजे गुलाम बाई. काही जणी दुष्काळात विकल्या गेलेल्या, काहींवर बदकर्माचा ठपका ठेवून त्यांना गुलाम केलेलं. म्हणजे बाजारात बाई माल विकत होती आणि काही वेळा बाई हाच माल होता.

आणि जातीचं काय? त्याची साक्ष एका शाळकरी मुलीनं देऊन ठेवली आहे. तिचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली ही मुलगी पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकली. 1855 साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तिनं लिहिलंय की, बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालमीसमोरून गेला तर त्याचं डोकं मारलं जाई. ज्या गल्ल्यांतून आपण आज पिशव्या हलवत फिरतो, त्यातल्या काही गल्ल्यांत नुसतं चालणं जिवावर बेतत होतं. हे एका मुलीनं, लिहायला शिकल्याबरोबर, आधी लिहून ठेवलं. म्हणून तिचं नाव आपल्या मुलींना माहीत असायला हवं.

भिडेवाड्याचा कोपरा

कसब्यातून बुधवार पेठेत या. दगडूशेठ गणपतीसमोर रस्त्याच्या पलीकडे भिडेवाड्याची जागा आहे. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा इथं सुरू केली. जुना वाडा मोडकळीला आला होता. 2023 च्या डिसेंबरात तो उतरवला, आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचं ठरलं.

सावित्रीबाई आपल्यातल्याच. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, खेड्यातल्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, शिकल्या आणि शिकवायला निघाल्या. घरातून शाळेपर्यंतची वाट ती केवढी! पण त्या वाटेवर लोकांनी शेण मारलं, चिखल मारला, शिव्या दिल्या. त्या एक जादा लुगडं बरोबर ठेवत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकताना आपलं लक्ष शाळेकडं असतं. आज जरा रस्त्याकडं लक्ष देऊ. लोकांचा राग मुलींना शिकवण्यावर होता, तसाच तो एक बाई डोक्यावर पाटी न घेता, कुणाच्या मागून न चालता, स्वतःच्या कामासाठी भर रस्त्यातून रोज जाते यावरही होता. माळीण चाललेली चालत होती. मास्तरीण चाललेली चालत नव्हती.

सावित्रीबाईंनी ती वाट सोडली नाही. नंतर त्याच वाटेनं दुसऱ्या आल्या. 1884 साली मुलींची हुजूरपागा शाळा सुरू झाली. जिथं पेशव्यांचे घोडे बांधत त्या पागेच्या जागेत मुली शिकू लागल्या. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथं विधवा आणि इतर बायका लिहायला-वाचायला, शिवणकाम, शुश्रूषा शिकू लागल्या. रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहिलंय की, नवरा शिकवत होता तरी घरातल्या बायकांचे टोमणे आणि अबोला त्यांना किती सोसावा लागला. दारातून बाहेर पडणं सोपं कुणालाच नव्हतं, न्यायमूर्तींच्या बायकोलाही नाही.

भिडेवाड्यापासून थोडं चाललं की अप्पा बळवंत चौक लागतो. इथं पुस्तकांची दुकानं लागून लागून आहेत. शाळेची, कॉलेजची, स्पर्धा परीक्षांची. जूनमध्ये गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. आपल्या गावातल्या कितीतरी पोरी पोलीस भरतीची, तलाठ्याच्या परीक्षेची पुस्तकं इथून नेतात. फुल्यांच्या मुलींच्या शाळेच्या इतक्या जवळ हा बाजार आहे, हे त्यांना सांगा. पुस्तक घेताना चार पावलं जास्त चालून त्या भिडेवाड्याच्या कोपऱ्यावरही जा म्हणावं.

मंडई : ज्यांनी विरोध केला, त्यांचंच नाव

आता मंडई. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा, त्याच्या चहूबाजूंनी फाकलेले दगडी दालनांचे हात. आत शिरलं की कोथिंबिरीचा, मिरचीचा, ओल्या पोत्यांचा वास. आपल्या शिवारातला माल इथं येऊन बसतो, त्यामुळे परकं वाटत नाही.

आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरे, तोच बटाट्या मारुतीचा बाजार. इंग्रज अमदानीत नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत ही मोठी इमारत बांधायचं ठरवलं. 1886 मध्ये ती उघडली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' नाव दिलं.

जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांच्या घरात फुलांचा धंदा पिढीजात, फुले हे नावच त्यावरून पडलं. बाजार त्यांना परका नव्हता. तरी मंडईच्या या बेताला त्यांनी विरोध केला. एवढा मोठा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो लोकांच्या शिक्षणावर घालावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना या मंडईला महात्मा फुले यांचं नाव देण्यात आलं. त्यांना जे नको होतं त्यावरच त्यांचं नाव लागलं, असं म्हणून काही लोक हसतात. आम्हाला त्यात दुसरीही बाजू दिसते. माळ्याच्या घरातल्या माणसाचं नाव भाजीबाजाराला लागलं आणि गव्हर्नराचं गेलं. पण त्यांचा प्रश्न मात्र अजून तिथंच उभा आहे : गावाचा पैसा आधी कशावर खर्च करायचा? ग्रामसभेत इमारतीचा ठराव आला की हा प्रश्न आपणही विचारायला हरकत नाही.

मंडईत आणि मंडईबाहेर बायका माल विकताना दिसतील. त्यांच्याकडं नीट बघा. पहाटेपासून बसलेल्या असतात. ताजवा हातात, पैसे कमरेच्या पिशवीत, हिशेब तोंडपाठ. त्यांना कुणी "तुला काय इथं?" असं विचारत नाही. पिढ्यानपिढ्या त्यांनी आपली जागा धरून ठेवली आहे. पण चहा? चहा त्यांच्या जागेवर येतो. पोरगा पेले घेऊन येतो आणि त्या मालाजवळ बसूनच पितात. माल सोडून जाता येत नाही हे खरंच. पण आपल्या मनात एक विचार येऊन गेला. बाजारात बसलेली बाई शेकडो वर्षांची आहे. चहाला बसलेली बाई मात्र अगदी अलीकडची.

तुळशीबाग आणि नुसतं बघणं

मंडईच्या शेजारीच तुळशीबाग. इथं पूर्वी खरोखर तुळशीची बाग होती. नारो अप्पाजी खिरे, म्हणजे तुळशीबागवाले, यांनी 1761 च्या सुमारास इथं रामाचं देऊळ बांधायला घेतलं आणि पुढं कित्येक वर्षं त्याचं काम चाललं. देवळाचं शिखर उंच आणि देखणं आहे. गर्दीत मान वर करून बघायचं राहून जातं, ते बघा.

देवळाभोवती पूजेच्या सामानाची दुकानं आली. पितळी देव, समया, पळी-पंचपात्र, हळदकुंकवाचे करंडे. त्यांच्या मागोमाग भातुकली, बांगड्या, गळ्यातली, केसांचे आकडे, घरातली शंभर बारीकसारीक भांडी. हा बायकांचा बाजार देवळाभोवतीच का वाढला? आमचा अंदाज असा : देवदर्शन हे एक कारण असं होतं की त्यासाठी बाईला घराबाहेर पडता येत होतं. रामाला जाऊन येते म्हटलं तर सासूही नाही म्हणत नसे. आणि रामाला गेल्यावर वाटेत चार बांगड्या बघितल्या तर कोण विचारणार? आपल्या जत्रेचंही तसंच नाही का? देव एक आणि पाळणे, काकणं, भेळ दहा.

तुळशीबागेत आम्हाला सगळ्यात आवडतं ते नुसतं बघणं. गावातल्या दुकानात तसं होत नाही. तिथं दुकानदार ओळखीचा, उधारीच्या वहीत नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव. "काय पाहिजे?" म्हणून विचारलं की वस्तूचं नाव सांगायचं, घ्यायची आणि निघायचं. उगाच हात लावून बघितलं तर संध्याकाळपर्यंत घरी कळतं. इथं तसं नाही. वस्तू हातात घ्या, उलटसुलट करा, भाव विचारा, "बघते पुढं" म्हणून ठेवून द्या. कुणी ओळखत नाही. हाताशी पन्नास रुपये असले तरी आपल्या आवडीचं काय, नावडीचं काय, हे ठरवायला मिळतं. मैत्रिणींनो, स्वतःची आवड ठरवणं ही लहान गोष्ट नाही. कितीतरी जणींना आयुष्यभर कुणी विचारलेलंच नसतं.

आणि गटाच्या धंद्यालाही त्याचा उपयोग आहे. आपण पापड, चटणी, गोधड्या करतो. दुसऱ्यांनी माल कसा मांडलाय, कशात भरलाय, कितीला विकतात, लोक कशापाशी थांबतात, हे बघायला शाळा म्हणून तुळशीबागेसारखी जागा नाही. नुसतं बघणं हे वेळ घालवणं नाही, हेही शिक्षण आहे.

चहाची गोष्ट

आता पाय दुखायला लागले असतील. बसू कुठेतरी.

पुण्यात चहा पिण्यावरून केवढं रामायण झालं, ते आधी ऐका. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनऱ्यांनी सगळ्यांपुढं चहा आणि बिस्किटं ठेवली. कुणी घेतली, कुणी नुसतं हातात धरलं. पुढं हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि गहजब झाला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यायला म्हणून बहिष्काराची वेळ आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताच्या गोष्टी झाल्या. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाला एका कपभर चहानं वाकवलं. कारण प्रश्न चहाचा नव्हताच. कुणाच्या हातचं, कुणाच्या पंक्तीला, कुणाच्या कपातून, हा प्रश्न होता.

हळूहळू चहा घराबाहेर आला. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात अमृततुल्य चहाची दुकानं काढली. पितळी पातेलं, खलबत्त्यात कुटलेलं आलं-वेलदोडे, दूध, साखर, सगळं एकत्र उकळलेलं. इराणहून आलेल्या लोकांनी इराणी हॉटेलं काढली. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, बन-मस्का आणि कडक चहा. नदीपलीकडं डेक्कनला असलेलं गुडलक 1935 सालचं. इराणी माणूस इथल्या जातीच्या उतरंडीबाहेरचा होता, त्यामुळे त्याच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसलं याची तो पर्वा करत नसे. पण सगळीकडं तसं नव्हतं. अनेक हॉटेलांत आणि खानावळींत जात बघून आत घेत. दलितांना बाहेर वेगळा कप असे, आणि पिऊन झाल्यावर तो त्यांनीच धुऊन ठेवायचा. काही गावांत हे फार उशिरापर्यंत चाललं, हे आपल्यातल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलंय.

इथं पुणं सोडून जरा कोल्हापूरला जाऊन यायला हवं, कारण चहाच्या टेबलाची ही गोष्ट कोल्हापूरशिवाय पुरी होत नाही. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं आणि मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. अस्पृश्याच्या हॉटेलात कोण येणार? तर महाराज स्वतः आले. आपली गाडी तिथं थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. ज्यांना महाराजांची सही हवी, त्यांनाही तिथं चहा घ्यावा लागे. कायदा करता येतो, पण पहिला घोट कुणीतरी सगळ्यांसमोर घ्यावा लागतो, हे महाराजांना कळत होतं.

बायकांचं काय? हॉटेलात बसणारी बाई म्हणजे चांगल्या घरची नाही, असा समज होता. मग हॉटेलवाल्यांनी 'फॅमिली रूम' काढल्या. लाकडी आडोसा, वर पडदा. घरच्या पुरुषाबरोबर आलेली बाई पडद्याआड बसून खाऊ शकत होती. एका अर्थानं ते दार अर्धं उघडलं होतं. बाई आत आली, पण कुणाची तरी म्हणून आणि झाकून. एकटी बाई किंवा बायकाबायका आल्या तर? त्यांच्यासाठी खोलीचं नावच नव्हतं.

कायद्यात लिहिलेली दुकानं आणि हॉटेलं

26 जानेवारी 1950 ला आपलं संविधान लागू झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते घडवणाऱ्या संविधान सभेत पंधरा बायकाही होत्या. दुर्गाबाई देशमुख, हंसा मेहता, आणि दलित समाजातल्या दाक्षायणी वेलायुधन त्यांच्यात होत्या.

या संविधानाचं पंधरावं कलम काढा. त्यात म्हटलंय की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथं जायला आडकाठी करता येणार नाही. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांचीही नावं त्यात आहेत. देशाच्या सगळ्यात मोठ्या कायद्यात दुकान आणि हॉटेल असे शब्द का घातले असतील? कारण घालणाऱ्यांना ठाऊक होतं की माणसाचा अपमान तिथंच होतो, पाणवठ्यावर, रस्त्यावर आणि चहाच्या टेबलाशी. आणि त्या यादीत जातीबरोबर 'लिंग' हा शब्दही आहे. म्हणजे बाई म्हणूनही कुणी अडवू शकत नाही. पुढं 1955 साली अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाही आला.

तेव्हा बायांनो, हॉटेलातली ती खुर्ची ही चैन नाही. तिच्यामागं मुक्ता साळवेचा निबंध आहे, सावित्रीबाईंचं शेण लागलेलं लुगडं आहे, गंगाराम कांबळ्यांचा कप आहे. आपण तिथं बसलो तर कुणावर उपकार होत नाहीत. आपल्या नावावर असलेली जागा आपण वापरतो, एवढंच.

पुढच्या खेपेला

आता कामाचं बोलू. पुढच्या खरेदीला जाताना दिवसाची आखणी जरा बदला. एकटीनं जाऊ नका, निदान दोघी जा. जड माल शेवटी घ्या, म्हणजे आधी हात मोकळे राहतात. स्वारगेटला उतरलात तर आता मंडईपर्यंत जमिनीखालून मेट्रो आहे. पायी पेठा फिरायला सकाळ बरी. गटाच्या खर्चाची वही कराल तेव्हा प्रवास, हमाली याबरोबर 'चहा-नाश्ता' हा रकानाही घाला. दिवसभर गटाचं काम करणारीनं उपाशी का राहावं? पावती मागा, सगळ्याचीच. आणि स्वच्छतागृह कुठं आहे हे न लाजता विचारा. कितीतरी जणी प्रवासात पाणी पीत नाहीत ते याच भीतीनं, आणि मग आजार मागे लागतात. बाजार बायकांचा म्हणवतो आणि बायकांसाठी पुरेशी स्वच्छ सोय नसते, ही तक्रार आपल्या तालुक्याच्या बाजारालाही लागू आहे. ती ग्रामसभेत, नगरपंचायतीत मांडायला हवी. खुर्ची मिळाली तरी ही सोय नसेल तर बाई बाजारात टिकत नाही.

शेवटी एक काम देतो. प्रत्येक तालुक्याच्या गावाला जुना बाजार असतो, आणि स्टँडजवळ एखादं जुनं हॉटेल असतं. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा : बाजारात पहिल्यांदा एकट्या कधी गेलात? कशासाठी? स्वतःच्या पैशानं पहिली वस्तू कोणती घेतलीत? हॉटेलात पहिल्यांदा बसून चहा कधी प्यायलात, का अजून प्यायलाच नाहीत? कुठल्या रस्त्यानं जायला बंदी होती, कुणाला होती? त्यांच्या शब्दांत लिहून किंवा मोबाइलवर बोलून आमच्याकडं आणा. नाव सांगायचं नसेल तर नाव घेणार नाही. आलेल्या आठवणी आपण पुढच्या भागांत याच वेळेला ऐकवू.

आणि ज्या आजीनं अजून हॉटेलात चहा घेतलेला नाही, तिला विचारून झाल्यावर घेऊन जा. पडद्याआड नको, रस्त्याकडच्या टेबलाशी बसवा. पैसे गटातून द्या.